डेल्मर टेशचा कान

डेल्मर टेशला कान आहे, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. म्हणजे आधी तो स्वतः म्हणतो, मग बाकीचे मान हलवतात. मी त्याच्या समोरच्या घरात चाळीसेक वर्षं राहते आहे, आणि त्या कानानं काय काय करून ठेवलं ते मला बाकीच्यांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. म्हणून सांगायला बसले. नाहीतर त्या माणसावर कागद वाया घालवायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

डेल्मर कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीत घरांच्या किमती ठरवायला होता. कर बसवायचा तर घराची किंमत कुणीतरी ठरवायला हवी, आणि आमच्या मॅनिटोवॉकमध्ये ते कुणीतरी म्हणजे डेल्मर. हातात मोजायचा टेप घेऊन तो लोकांच्या तळघरात उतरायचा, भिंतीवर बोटानं टकटक करायचा, नाक वर करून वास घ्यायचा आणि ओल आहे की नाही ते सांगायचा. निकालावर अपील करता यायचं, पण कुणी करत नसे, कारण अपील केलं की तपासायला पुन्हा डेल्मरच यायचा. आयुष्यभर असं केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगातली प्रत्येक वस्तू आपण तिची किंमत कधी सांगतो याची वाट बघत बसली आहे. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. शुक्रवारी तळलेले मासे खायला गेलो की माशावरच्या पिठालाही तो शेरा देतो. माझा नवरा वॉल्ट होता तेव्हा म्हणायचा, "याला स्वर्गात नेलं तर आत जायच्या आधी दार वाजवून बघेल, पोकळ आहे का म्हणून."

त्याची बायको लव्हॉन. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्या मंडळीत, ती माझ्या पुढच्या रांगेत उभी राहायची. तिचा आवाज मोठा नव्हता, पण भरलेला होता, नुकत्या काढलेल्या दुधासारखा. ती कडवं एकटीनं म्हणायला लागली की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं खोकायची थांबत. डेल्मर मुळात कॅथलिक, आम्ही दुसऱ्या पंथाचे. उपासाच्या दिवसांत बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना असे, ती ऐकायला म्हणून तो येऊ लागला, आणि प्रार्थना कसली, लव्हॉनला ऐकायला येऊ लागला. पुढे त्या आवाजापायी त्यानं चर्च बदललं. त्याच्या आईनं वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. डेल्मरच्या आयुष्यात मला पटलेली ही एकच गोष्ट, आणि ती त्यानं पंचविशीच्या आत उरकली.

त्याचं खरं राज्य तळघरात. तिथे त्यानं दोन स्पीकर मांडले होते, कमरेइतके उंच, अक्रोडाच्या लाकडाचे. त्यांच्या समोर मोजून मापून ठेवलेली एक खुर्ची, आणि तिच्या पायांखाली गालिच्यावर निळ्या चिकटपट्टीच्या खुणा, म्हणजे झाडलोट करताना कुणी ती हलवली तर पकडता यावं. संगीत ऐकायचं ते त्या खुर्चीतच. घरातली बाकीची सगळी जागा म्हणे चुकीची. त्याचा एक क्लब होता, तिघांचा, आणि महिन्यातून एकदा तो तळघरात भरायचा. एकानं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं. पहिली पाळी डेल्मरची, शेवटचीही त्याचीच. पेल्यात बर्फ घालायचा नाही, तो किणकिणतो. लव्हॉननं कॉफी आणि लिंबाच्या वड्या आणायच्या त्या पायात लोकरी मोजे घालून, आणि ट्रे घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसून राहायचं, कारण ती खोलीत फिरली तर हवा हलते. हवा हलते! हे मी स्वतः ऐकलंय.

आणि वायरींना हात लावायचा नाही. वायर एकदा जोडली की ती मुरते, असं डेल्मरचं म्हणणं. वर्षानुवर्षं मुरत जाते, आणि उपटून पुन्हा लावली की सगळं पाण्यात. काकडीचं लोणचं मुरतं हे मला ठाऊक आहे, मी ते दर ऑगस्टमध्ये घालते. तांब्याची तार मुरते हे मला डेल्मरकडून कळलं. दुकानाचा माणूस स्पीकर जोडून द्यायला आला होता, त्यालाही त्यानं दारातूनच परत लावलं. "माझ्या घरात माझ्या वायरी मी जोडणार," म्हणाला.

हे स्पीकर आले त्याच सुमाराला आमच्या चर्चला शंभर वर्षं झाली. कॉयरची सीडी काढली होती, आणि तिच्यात एक कडवं लव्हॉनचं होतं, एकटीचं. सीडी हातात पडली त्या दुपारी डेल्मरनं आम्हा दोघींना तळघरात बोलावलं. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले. कडवं संपलं. त्यानं ते पुन्हा लावलं. आम्ही जिन्यावर.

"सूर बरोबर आहे," तो म्हणाला.

"पण?" लव्हॉननं विचारलं. तिला तो 'पण' ओळखीचा होता.

"पण आवाजाला अंग नाही, लव्हॉन. पोकळ आहे. मधोमध काही नाहीच, नुसता कडेकडेनं हिंडतोय."

"माईक लांब होता रे माझ्यापासून."

"माईकचा काय संबंध? बाकीचा कॉयर बघ कसा भिंतीपलीकडे पसरलाय. चांगलं यंत्र खोटं बोलत नाही. ये, बस. तूच ऐक."

तो उठला आणि त्यानं तिला खुर्ची दिली. ती हात मांडीवर ठेवून बसली, दवाखान्यात निकाल ऐकायला बसतात तशी. कडवं संपल्यावर म्हणाली, "हो रे. खरंच." ती उठली तेव्हा तिचा चेहरा बघून मला डेल्मरच्या त्या प्रसिद्ध कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

बरं, हा माणूस दर रविवारी समोरच्या बाकावर बसून तिला ऐकत आला होता. याच आवाजासाठी त्यानं आईचा अबोला सोसला होता. आणि आता दोन लाकडी पेट्या म्हणाल्या की आवाज पोकळ, तर त्यानं पेट्यांचं खरं मानलं! मी सीडी माझ्या गाडीत लावून बघितली. छान वाटत होती. तसं मी लव्हॉनला सांगितलंही.

"तुझ्या गाडीत सगळंच छान वाटतं, आर्डिस," ती म्हणाली. "त्याच्या यंत्रात खरं काय ते कळतं."

पुढच्या सणाला तिनं एकटीनं गायला नकार दिला. मग ती मागे आल्टोत, म्हणजे खालच्या पट्टीच्या बायकांत, माझ्या शेजारी येऊन उभी राहू लागली, ओठ हलवायची नुसते. मग कॉयर सोडलं आणि प्रार्थनेनंतरच्या कॉफीचं काम घेतलं. भांडी घासताना गुणगुणायची, तेही बंद झालं. वॉल्ट गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी लव्हॉनला गायला सांगा. मी तिला विचारलं. ती रडली, पण गायली नाही. "वॉल्टला चांगल्या आवाजानं जाऊ दे," म्हणाली. त्याच्या अंत्यविधीला नुसता ऑर्गन वाजला. हे मी डेल्मरला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

अशी वीसेक वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात डेल्मरचा अ‍ॅम्प्लिफायर जळाला. वास आमच्या घरापर्यंत आला. तो त्याचा तिसरा होता. गाण्यातल्या ढोलाचा दणका पोटात लागत नाही अशी त्याची सुरुवातीपासून तक्रार, म्हणून दर काही वर्षांनी तो आधीच्यापेक्षा मोठा आणायचा, पण वायरींची पेट्यांकडची टोकं तशीच ठेवून. स्पीकरखाली दगडी लाद्याही घालून झाल्या होत्या. ढोल काही पोटात लागला नाही.

आता प्रश्न असा की चौथा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा की सगळंच बदलायचं. त्याच्याकडचे स्पीकर पॅसिव्ह, म्हणजे नुसत्या पेट्या. त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि तिथून जाड वायरी ओढून आपल्या हातानं जोडाव्या लागतात. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो. भिंतीत प्लग खुपसला की झालं. बायका दुकानात उभ्या राहून कॉफीचं मशीन निवडतात त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात निवडून व्हावी अशी ही गोष्ट. डेल्मरनं हिवाळाभर घेतला. जेवताना अ‍ॅक्टिव्ह, बर्फ उपसताना पॅसिव्ह, आणि चर्चमध्ये डोकं खाली घालून बसला असला तरी मला ठाऊक होतं आत काय चाललंय ते.

क्लबातही दोन तट पडले. मायलो ब्रँडवोल्ड चीज कारखान्यातून निवृत्त झालेला, क्लबात नवाच, तो अ‍ॅक्टिव्हवाला. दातांचा डॉक्टर फेन्स्के डेल्मरच्या शब्दाबाहेर नाही. एकदा मी लव्हॉनला सँडविच करायला मदत करत होते, तेव्हा स्वयंपाकघरातच यांची जुंपली.

"अरे बाबा, सगळं आत बसवलेलं असतं," मायलो म्हणाला. "एकमेकाला जुळवलेलं. प्लग लाव आणि ऐकत बस."

"आणि मी काय करू?" डेल्मरनं विचारलं.

"ऐक ना!"

"नुसतं ऐकू?"

असा काही चेहरा केला त्यानं, जणू मायलोनं त्याला भांडी घासायला सांगितली.

"आपण जुळवलेलं ते आपलं," फेन्स्के म्हणाला. "आयतं ते आयतंच. माझ्या पेशंटांना मी हेच सांगतो."

"तू दात आयतेच बसवतोस की रे त्यांना," मायलो म्हणाला. लव्हॉन खुदकन हसली. डेल्मरनं तिच्याकडे बघितल्यावर तिनं हसू गिळून टाकलं.

त्याच दिवसांत आमच्या चर्चचा निकाल लागला. माणसं उरली नाहीत, छप्पर गळतंय, तेव्हा नदीपलीकडच्या चर्चमध्ये मिसळून जायचं ठरलं. जूनमध्ये शेवटची प्रार्थना. पास्टर सिग्ने म्हणजे आमची तरुण धर्मगुरू. ती लव्हॉनकडे आली, मीही तिथेच होते.

"शंभर वर्षं झाली तेव्हा तुम्ही गायलात ते कडवं," ती म्हणाली, "तेच शेवटच्या दिवशी म्हणाल का? सगळे तुमचंच नाव घेताहेत."

"दुसरं कुणी बघा ना," लव्हॉन म्हणाली.

पास्टर गेल्यावर मी भडकले. "अगं, ज्या चर्चमध्ये तुझं नाव ठेवलं, लग्न झालं, त्याला शेवटचा निरोप! एवढंही करणार नाहीस?"

"पोकळ आवाजानं निरोप द्यायचा का गं?" ती म्हणाली. "माणसं तेवढंच लक्षात ठेवतील."

म्हणजे पुन्हा डेल्मरच. मी तेव्हा ठरवलं की काहीही करून ही बाई त्या दिवशी गायली पाहिजे. कसं, ते मला कळत नव्हतं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी अखेरची तुलना ठरली. मायलोनं घरून स्वतःचे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आणले, करड्या रंगाचे, दिसायला अगदीच सामान्य. जुन्या पॅसिव्ह स्पीकरसाठी फेन्स्केनं आपला अ‍ॅम्प्लिफायर आणला, तो तळघरात उतरवताना त्याची आणि डेल्मरची कंबर गेली. लव्हॉन आणि मी ट्रे घेऊन जिन्यावर, मोजे घालून. मी पाहुणी असूनही माझे बूट वरच काढून घेतले होते.

"माणसाचा आवाज लावा," मायलो म्हणाला. "तो सगळ्यांना कळतो. त्यात फसवाफसवी चालत नाही."

मी पर्समधून सीडी काढली. माझ्या गाडीतली, चर्चची. "ही लाव," म्हटलं. लव्हॉननं माझा दंड घट्ट धरला, पण तोवर मायलोनं ती घेतलीसुद्धा.

आधी करडे स्पीकर. डेल्मर खुर्चीत. ऑर्गन सुरू झाला तो पायाखालच्या फरशीतून. आणि मग खोलीच्या मधोमध, उभ्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर, एक आवाज गायला लागला. नुकत्या काढलेल्या दुधासारखा. जिन्यावर बसूनसुद्धा मला वाटलं, हात पुढे केला तर त्या बाईच्या खांद्याला लागेल.

"कोण गातंय हे?" लव्हॉननं मला हळूच विचारलं.

"तू."

"काहीतरीच."

"इथे लव्हॉन टेश असं लिहिलंय," मायलो सीडीचं पाकीट वाचत म्हणाला. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं, आणि टोपी काढली. चीज कारखान्यातला माणूस, पण त्याला तेवढं कळलं.

डेल्मरनं डोळे उघडले. "फुगवलाय," तो म्हणाला. "आत अ‍ॅम्प्लिफायर बसवलाय ना, तो फुगवतो. हे अंग खोटं आहे. आता माझे लाव."

त्याचे लावले. तोच ऑर्गन, पण लांबून, आणि तोच आवाज कुठेतरी भिंतींच्या कडेला चिकटलेला. मधोमध काहीच नाही. लव्हॉननं माझा दंड सोडला. तिच्या ओळखीचा आवाज आला होता.

"हे प्रामाणिक," डेल्मर म्हणाला आणि उठला. फेन्स्के बसला. "काय ऐसपैस आहे!" तो म्हणाला. "भिंतच नाही जणू." मग मायलो बसला. तो चुळबुळला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"डेल्मर, एक वायर उलटी तर नाही लागली?"

"काय?"

"तांबडी काळ्यात गेली की असंच होतं. एक पेटी हवा पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. दोघी आपसात भांडतात, आणि मधला आवाज मारला जातो. ढोलही मारला जातो."

"त्या वायरी मी जोडल्यात."

"म्हणून तर विचारतोय."

"वीस वर्षं मुरल्यात त्या," डेल्मर म्हणाला. आवाज चढला होता. "कुणी हात लावायचा नाही."

तेव्हा लव्हॉन बोलली. तळघरात ती बोलते याची कुणाला सवय नव्हती, सगळे वळले.

"दोन्हीकडे तांबडी तांबड्यातच लागते का?" तिनं विचारलं. "मी दर शनिवारी पुसते तिथे. या पेटीला तांबडी तांबड्यात आहे, त्या पेटीला तांबडी काळ्यात. मला वाटलं एक डावं, एक उजवं, म्हणून तसं असेल. हातमोज्यांसारखं."

कुणी हसलं नाही. मायलो टॉर्च घेऊन पेटीमागे गेला, आणि डेल्मर "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यानं दोन वायरी काढून अदलाबदल केली. कडवं पुन्हा लावलं. आता याच अक्रोडाच्या पेट्यांतून, डेल्मरच्या खऱ्या बोलणाऱ्या यंत्रांतून, लव्हॉन आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. ढोल असता तर तोही पोटात लागला असता.

डेल्मर खुर्चीत होता. मी त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता हा उठेल. जिन्याशी येईल. काय बोलावं ते सुचणार नाही, पण येईल. एवढ्या वर्षांनी तरी माणूस येईल.

त्यानं कडवं संपेपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "ऐसपैसपणा गेला."

"गेला," फेन्स्के म्हणाला. "भिंत परत आली."

"डेल्मर," मी म्हटलं, "तुझी बायको गातेय ती!"

"मी आवाजाबद्दल बोलतोय, आर्डिस. बायकोबद्दल नाही."

मायलोनं आपले करडे स्पीकर उचलले आणि जिना चढताना लव्हॉनला म्हणाला, "बाई, फार सुंदर गाता तुम्ही." तो पुढे क्लबात आला नाही. डेल्मरनं आठवड्याभरात निर्णय जाहीर केला: पॅसिव्ह. चौथा अ‍ॅम्प्लिफायर मागवला. गावात त्यानं कारण सांगितलं ते असं, की अ‍ॅक्टिव्ह हे ज्यांना ऐकता येत नाही त्यांच्यासाठी असतं.

पुढच्या शनिवारी लव्हॉन माझ्या मागच्या दारात आली. हातात धूळ पुसायचं फडकं तसंच होतं.

"त्यानं ती परत उलटी लावली," ती म्हणाली.

"काय?"

"वायर. पुसायला गेले तर तांबडी पुन्हा काळ्यात." ती खुर्चीवर बसली. "म्हणजे त्याला आता ठाऊक आहे गं. तरीही लावली."

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पास्टरनं वाचलं तर पंचाईत. लव्हॉननं ऐकून घेतलं. मग फडक्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "सिग्नेचा नंबर दे मला."

मे महिनाभर ती दुपारी चर्चमध्ये एकटी जायची. मला येऊ देत नव्हती. परत येताना चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. मी मात्र खुशीत होते. लोकांना सांगत सुटले की लव्हॉन गाणार आहे.

शेवटच्या रविवारी चर्च भरलं, जे वर्षानुवर्षं भरलं नव्हतं. डेल्मर मधल्या बाकावर, अगदी मधोमध. घरून टेप आणला नव्हता हेच नशीब. लव्हॉन कॉयरचा झगा घालून पुढे येऊन उभी राहिली. ऑर्गननं सुरुवात दिली.

आणि आवाज आला नाही. म्हणजे आला, पण सीडीतला तो नव्हे. पातळ, कोरडा, सुरांच्या कडांना खरवडत जाणारा. दुसऱ्या ओळीला तो फाटला. तिनं श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली, ती अर्ध्यात विरली. वीस वर्षं ज्या आवाजाला घराबाहेर पडू दिलं नाही, गुणगुणूही दिलं नाही, तो आता नव्हताच. होता तो त्या सीडीत राहिला होता. आता खरोखरच त्याला अंग नव्हतं. लव्हॉन थांबली नाही. एक शब्द न गाळता तिनं कडवं शेवटपर्यंत नेलं. मी रुमाल तोंडात कोंबला होता. आमच्याकडे चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, त्या दिवशी ते फार बरं वाटलं.

खाली हॅमचे सँडविच झाले, कॉफी झाली, लोकांनी बाकांवरून हात फिरवून घेतले. लव्हॉनला सगळे येऊन भेटले आणि गाण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी गाडीपाशी गेले तर डेल्मर तिथे माझी वाट बघत उभा. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ऐकलंस ना, आर्डिस? मी तेव्हाच म्हणालो होतो. अंग नाही."

मला वाटलं तो दुःखानं बोलतोय. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे सुटका होती. कितीतरी दिवसांनी नीट झोप लागणार असल्यासारखा दिसत होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या मागे लव्हॉन दिसली. दंडावर झगा, हातात लिंबाच्या वड्यांचा ट्रे, अर्धा उरलेला. तिनं ऐकलं होतं.

तिनं ट्रे त्याच्या हातात दिला.

"हा घरी घेऊन जा," ती म्हणाली. "आणि सावकाश चाल. हवा हलेल."

मग ती माझ्या गाडीत येऊन बसली आणि दार ओढून घेतलं. मी स्टिअरिंगपाशी बसले. तिनं समोरच्या कप्प्यात हात घालून सीडी काढली आणि लावली. माझ्या गाडीत दारातला एक स्पीकर कधीचा फाटलाय, तो खरखरतो. त्या खरखरीतून तेव्हाची, सत्तेचाळीस वर्षांची लव्हॉन गायला लागली. शेजारी बसलेल्या लव्हॉननं थोडं ऐकलं, मग आपल्या उरलेल्या आवाजात तिच्याबरोबर म्हणायला लागली, खालच्या पट्टीत, हळू. कडवं संपल्यावर तिनं ते पुन्हा लावलं आणि आवाज वाढवला. बाहेर डेल्मर ट्रे घेऊन उभा होता, त्याचे ओठ हलत होते. काच बंद होती.